रानगव्हाचे गुण आणि सरकारी तराजू

प्रति,
सचिव, अन्न व सार्वजनिक वितरण विभाग,
भारत सरकार, कृषी भवन, नवी दिल्ली

विषय : गहू खरेदीच्या निकषांत पिठाच्या गुणवत्तेचा समावेश करण्याबाबत



दरवर्षी रब्बी हंगामाच्या खरेदीपूर्वी आपल्या विभागाकडून गव्हाच्या दर्जाचे निकष देशभरच्या खरेदी संस्थांना जातात. काडीकचरा पाऊण टक्क्यापर्यंत चालेल, इतर धान्य दोन टक्के, खराब दाणे दोन टक्के, किंचित खराब चार टक्के, सुरकुतलेले आणि तुटलेले सहा टक्के. ओलावा बारा टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे चौदापर्यंत कपात आणि चौदाच्या वर खरेदीच नाही. खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचे यंत्र आणि चाळण्या घेऊन बसलेला माणूस एवढे तपासतो, पोती काट्यावर चढतात आणि पावती फाटते.

गहू स्वच्छ आहे का, कोरडा आहे का, साठवणुकीत टिकेल का, याचे उत्तर या यादीतून मिळते. त्या गव्हाची कणीक कशी मळली जाईल, पोळी फुगेल का, सकाळची पोळी दुपारच्या डब्यात मऊ राहील का आणि खाणाऱ्याच्या पोटात प्रथिने किती जातील, याबद्दल ती यादी गप्प आहे. २०२१-२२ च्या हंगामात सरकारने ४३३ लाख टनांहून अधिक गहू याच यादीवर विकत घेतला. जगात एवढे मोठे गव्हाचे गिऱ्हाईक क्वचितच सापडेल, आणि एवढे मोठे गिऱ्हाईक जे मोजत नाही ते शेतकरी पिकवत नाही. त्यामुळे पैदासकारांनाही पिठाच्या गुणांसाठी वाण काढण्याची घाई राहत नाही. हे गुणही खरेदीत मोजले जावेत यासाठी हे पत्र आहे, आणि ते कृषी मंत्रालयाऐवजी आपल्याकडे धाडले, कारण खरेदीचे निकष आपल्याकडून जातात.

गव्हाचे पीठ पाण्याने मळले की त्याला जी लवचीक ओढ येते ती ग्लूटेनची. ज्वारी-बाजरीच्या पिठात ते नसते, म्हणून भाकरी थापावी लागते आणि पोळी लाटता येते. ग्लूटेनमध्ये दोन प्रकारची प्रथिने असतात : ग्लायडिन कणीक ताणू देते, ग्लूटेनिन तिला मागे खेचते. केंब्रिजच्या प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये पीटर पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिले की ग्लूटेनिनच्या मोठ्या रेणूंपैकी कोणते रेणू एखाद्या वाणात आहेत यावरून त्याचा पाव किती फुगेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. त्यांनी या रेणूंना क्रमांक दिले. त्यातली ‘५+१०’ ही जोडी ज्या गव्हात असते त्याचे पीठ दमदार, ‘२+१२’ असेल तर तुलनेने मवाळ. आज जगभरच्या गहू प्रयोगशाळांत हे आकडे रोजच्या बोलण्यातले झाले आहेत.

या ‘५+१०’ चे मूळ कुठले, हे अगदी अलीकडे उलगडले. आपण खातो तो गहू तीन गवतांच्या मिलाफातून तयार झाला. आधी दोन गवतांपासून एमर गहू झाला. त्याचाच लागवडीखालचा वंश म्हणजे आपल्याकडची खपली. पुढे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे, पिकातल्या या गव्हाचा शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एजिलॉप्स टौशी नावाच्या रानगवताशी संकर झाला आणि ४२ गुणसूत्रांचा पावाचा गहू जन्माला आला. पीठ मळल्यावर त्यात हवा कोंडून ठेवण्याचे या गव्हाचे जे कसब आहे, त्यातला मोठा वाटा या बांधावरच्या गवताचा. २०२१ मध्ये जेसी पोलंड या शास्त्रज्ञाच्या गटाने या गवताच्या शेकडो नमुन्यांतली ग्लूटेनिनची जनुके तपासली तेव्हा दिसले की ‘५+१०’ ही जोडी त्याच्या एका वेगळ्याच शाखेतून आली आहे. कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशापुरती उरलेली ही शाखा. जगातल्या बेकऱ्यांचा भरवसा ज्या जनुकावर आहे ते एका कोपऱ्यातल्या तणाने दिले आणि तेही माणसाने न ठरवता.

मात्र असे संकर त्या काळी फारच थोडे झाले. त्या गवताच्या अफाट वैविध्यातला एक चिमूटभर अंश गव्हात आला आणि बाकीचे सगळे डोंगरात राहिले. मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेने, मुख्यतः मुजीब काझी यांच्या पुढाकाराने, तो संकर प्रयोगशाळेत पुन्हा घडवला. एका बाजूला ड्युरम किंवा एमर आणि दुसऱ्या बाजूला रानगवत घ्यायचे. तयार होणारा गर्भ कमकुवत असतो, म्हणून तो बाहेर काढून काचेच्या नळीत वाढवायचा. मग कोल्चिसिन वापरून गुणसूत्रांची संख्या २१ वरून ४२ करायची. असे एक हजारांहून अधिक संश्लेषित गहू सिमिटने तयार केले. त्यांतल्या काहींतून ग्लूटेनिनच्या अशा जोड्या निघाल्या ज्या पेरणीतल्या गव्हात कधी नव्हत्या.

रानटी नातेवाइकाकडून आलेले सगळे चांगलेच असते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. लग्नात एकाला आमंत्रण द्यावे आणि मागून अख्खी आळी जेवायला यावी, तसे हव्या त्या जनुकाबरोबर गुणसूत्राचा मोठा तुकडा येतो. त्यात उशिरा पिकणे, दाणे गळणे, खोड लोळणे असे काहीही असू शकते. तो तुकडा कापून लहान करणे हे या क्षेत्रातले खरे काम, आणि त्यात वर्षे जातात. गव्हात पीएच१ नावाचे एक जनुक आहे. ते परक्या गुणसूत्राला गव्हाच्या गुणसूत्राशी जोडीच जमवू देत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्नेस्ट सीअर्स यांनी १९५६ मध्ये क्ष-किरणांचा मारा करून एका रानगवताचे तांबेरारोधक जनुक गव्हात बसवले, कारण तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. पीएच१ हरवलेला गहूही पुढे त्यांनीच तयार केला आणि मग वाट थोडी मोकळी झाली.

याचा पिठावर काय परिणाम होऊ शकतो हे भारताला चांगले ठाऊक असायला हवे, कारण तो अनुभव आपल्याच शेतांतला आहे. राय हे गव्हाचे जवळचे भावंड. त्याच्या एका गुणसूत्राची छोटी भुजा युरोपात गव्हाला जोडली गेली आणि तिच्यासोबत तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची जनुके आली. त्यातले एसआर३१ हे खोडावरच्या तांबेऱ्याविरुद्धचे कवच १९९० च्या दशकाच्या अखेरीस युगांडात युजी९९ ही तांबेऱ्याची जात प्रकट होईपर्यंत अभेद्य राहिले. सिमिटच्या ‘वीरी’ वाणांमधून ही भुजा जगभर गेली, आणि भारतात १९९५ मध्ये प्रसारित झालेल्या पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही ती होती. हा वाण उत्तर भारतात लाखो हेक्टरांवर पसरला आणि त्याने कोठारे भरली. त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. पण रायची ती भुजा बसताना गव्हाची त्या जागेवरची ग्लूटेनची काही जनुके गेली आणि त्यांच्या जागी रायची सेकॅलिन प्रथिने आली. अशा गव्हाचे पीठ कमजोर आणि चिकट होते. पोळीला त्याचा फटका पावाइतका बसत नाही हेही खरे. तरी सांगण्यासारखी गोष्ट अशी की एवढ्या प्रमाणावर पिठाची जात बदलत असताना सरकारी खरेदीच्या कोणत्याही कागदावर त्याची नोंद झाली नाही. नोंद व्हायला रकानाच नव्हता.

आता दुसऱ्या टोकाची हकीकत. गॅलिलीतल्या रोश पिना गावाजवळ १९०६ मध्ये अ‍ॅरन अ‍ॅरनसन या कृषिशास्त्रज्ञाला खडकांच्या कपारीत रानटी एमर उगवलेला दिसला.  सत्तरच्या दशकात इस्रायलमध्ये याच रानटी एमरच्या एका नमुन्यात प्रथिनांचे प्रमाण विलक्षण जास्त आढळले. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात त्याची गुणसूत्रे एकेक करून ड्युरम गव्हात बसवून पाहिली, तेव्हा गुपित सहाव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले. मग २००६ मध्ये क्रिस्टोबाल उआवी, होर्हे दुब्कोव्स्की आणि हैफा विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक नेमके शोधून काढले. त्याचे नाव जीपीसी-बी१.

हे जनुक स्वतः प्रथिने बनवत नाही. दाणा भरत असताना पान कधी पिवळे पडायचे, हे ते ठरवते. पान लवकर म्हातारे झाले की त्यातला नत्र, लोह आणि जस्त खाली न राहता ओंबीकडे वळतात. त्यातून दाण्यातल्या प्रथिनांत साधारण एक ते दीड टक्क्याची भर पडते आणि जस्त-लोहही वाढते. याची उलटी चाचणीही झाली. या जनुकाचे आणि त्याच्या भावंडांचे काम थंड केले, तेव्हा पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवी राहिली, आणि दाण्यातली प्रथिने, जस्त व लोह तीस टक्क्यांहून अधिक घटले. पेरणीतल्या बहुतेक सगळ्या गव्हांत या जनुकाची प्रत एकतर बिघडलेली आहे किंवा मुळातच नाही. माणसाने गव्हाला माणसाळवताना, त्याची शेते वाढवताना, हे कुठेतरी निसटले.

कॅनडात ते परत आले. ‘लिलियन’ नावाच्या लाल वसंती गव्हात जीपीसी-बी१ आहे, आणि २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम कॅनडातल्या सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या वाणांत तो होता. प्रामाणिकपणे सांगायचे तर तिथल्या शेतकऱ्यांनी तो एकट्या प्रथिनांसाठी घेतला नाही. त्याचे खोड भरीव असल्यामुळे खोड पोखरणाऱ्या सॉफ्लायपासून पीक वाचते, हे मोठे कारण होते. पण कॅनडात धान्य विकताना प्रथिने मोजली जातात, टक्क्यागणिक भाव बदलतो, आणि पिठाची गुणवत्ता ठरावीक पातळीला पोहोचल्याखेरीज त्या वर्गात वाण नोंदवलाच जात नाही. रानटी एमरच्या जनुकाला तिथे उतरायला जागा आधीच आखून ठेवलेली होती. ऑस्ट्रेलियातही तसेच. तिथला सर्वोच्च ‘प्राइम हार्ड’ दर्जा मिळवायला प्रथिने किमान तेरा टक्के लागतात आणि शेतकऱ्याला धान्य टाकताना वाणाचे नाव जाहीर करावे लागते.

रायची भुजा उत्तर भारतात पसरली कारण ती वजन वाचवत होती. एमरचे जनुक कॅनडात पसरले त्याचे एक कारण ते भाव वाढवत होते. दोन्ही ठिकाणी निवाडा तराजूने केला.

भारतातल्या प्रयोगशाळा मागे आहेत असे कोणी म्हणू नये. मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठात प्रा. पी. के. गुप्ता यांच्या गटाने जीपीसी-बी१ हे जनुक एकामागोमाग एक अशा अनेक भारतीय वाणांत उतरवले आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. उत्पादन न घटता प्रथिने वाढलेल्या पैदास-ओळी त्यांना मिळाल्या. वाराणसीला बनारस हिंदू विद्यापीठात एचयूडब्ल्यू ४६८ या वाणातही हे जनुक गेले. रुडकीच्या आयआयटीत एच. एस. धालीवाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एजिलॉप्स कोट्शी या रानगवताच्या दाण्यात गव्हापेक्षा कितीतरी अधिक लोह आणि जस्त असल्याचे दाखवून त्याची गुणसूत्रे गव्हात आणली. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात तर रानगव्हांवरचे काम अनेक दशकांचे आहे. पण यातले काहीच ‘लिलियन’सारखे शिवारभर गेले नाही.

एक अपवाद आहे, आणि तो बोलका आहे. २०१७ मध्ये दोन वाण प्रसारित झाले : कर्नालच्या भारतीय गहू व जव संशोधन संस्थेचा डब्ल्यूबी ०२ आणि लुधियानाचा पीबीडब्ल्यू १ झेडएन. दोघांच्याही दाण्यात जस्त चाळीस पीपीएमच्या पुढे, एरवी ते तीस-बत्तीसच्या आसपास असते. दोघांच्याही वंशावळीत एक संश्लेषित गहू आहे, एमर आणि एजिलॉप्स टौशी यांच्या संकरातून घडवलेला. म्हणजे डोंगरातले गवत सिमिटमार्गे कर्नाल-लुधियानाला पोहोचले आणि तिथून शेतात. पण या वाणांचा गहू खरेदी केंद्रावर आला की त्याला हमीभाव मिळतो तेवढाच. २०२५-२६ च्या हंगामात २,४२५ रुपये क्विंटल, शेजारच्या कोणत्याही पोत्याइतका. शिवाय पोते त्याच थप्पीत लागते. ज्या बालकांच्या आणि गर्भवतींच्या नावाने हे जस्त दाण्यात आणले, त्यांच्या ताटात ते पोहोचले की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्या विभागातून एक आक्षेप हमखास येईल : पाव खाणाऱ्या देशांचे मोजमाप पोळी खाणाऱ्या देशाला कशाला? आक्षेप योग्य आहे. पोळीला फार ताठर ग्लूटेन चालत नाही, लाटताना कणीक मागे खेचते. पोळीला मध्यम दमाचे ग्लूटेन, चक्कीत भरपूर पाणी शोषणारे पीठ तयार होईल असा कठीण दाणा, आणि मळलेली कणीक काळी न पडणे, या गोष्टी हव्यात. पोळीच्या बाबतीत आजही ज्याच्याशी तुलना केली जाते तो सी ३०६ हा वाण ‘५+१०’ वाला नाही, त्यात ‘२+१२’ आहे. तो १९६५ चा, म्हणजे भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले त्याच वर्षीचा. उंच, कोरडवाहू, खत-पाणी वाढवले की लोळणारा. सरासरी उत्पादनात तो केव्हाच मागे पडला, तरी मध्य प्रदेशातून ‘शरबती’ म्हणून जो गहू पुण्या-मुंबईत येतो त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

आणि पोळीच्या गुणवत्तेला किंमत देणारे गिऱ्हाईक अस्तित्वात आहे याचा पुरावा तर महाराष्ट्रातली प्रत्येक किराणा पेठ देईल. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरणारी घरे सिहोर आणि लोकवन या गव्हांच्या भावातला फरक जाणून पैसे मोजतात. पाकीटबंद आट्याच्या कंपन्या मध्य प्रदेशातून वाण पाहून गहू उचलतात. पंजाबातली सधन घरेही शरबती विकत आणतात, आणि म्हणूनच लुधियानाने खास पोळीसाठी ‘पीबीडब्ल्यू १ चपाती’ काढला, उत्पादन थोडे कमी आहे हे मान्य करून. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पिठाचा दर्जा विकत घेतोच. ज्याचा गहू रेशनवर येतो त्याच्यासाठी तो कोणी घ्यायचा, हा प्रश्न आपल्या खात्याचा आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली ८० कोटींहून अधिक लोकांना धान्य मिळते. त्यांच्या रोजच्या प्रथिनांचा मोठा भाग डाळीतून नव्हे, धान्यातून येतो.

पोळीचे मोजमाप उपलब्ध नाही, असेही नाही. गव्हाच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात दरवर्षी शेकडो नव्या ओळींची पोळी भाजून तिला दहापैकी गुण दिले जातात. प्रथिने, पिठाचा गाळ किती बसतो ते दाखवणारा अवसादन अंक, पावाचा आकार, बिस्किटाचा पसारा, सगळे मोजून कर्नालला अहवाल तयार होतो. हे आकडे असूनही सरकार खरेदी करताना त्यांच्याकडे पाहत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रथिनांसाठी जादा भाव दिला तर शेतकरी चांगला वाण शोधण्याऐवजी फुलोऱ्यात युरियाची आणखी एक गोणी टाकेल. ही भीती खरी आहे. प्रथिनांवर नत्राचा आणि हवामानाचा परिणाम वाणाइतकाच, कधीकधी जास्त असतो. म्हणून नुसत्या टक्केवारीवर भाव लावू नये. ऑस्ट्रेलियासारखी वाणाची नोंद हवी : शेतकऱ्याने प्रमाणित बियाण्याची पावती दाखवायची, समितीने ठरवलेल्या वाणांच्या यादीत ते नाव असायला हवे, आणि पोत्यातला नमुना त्या वाणाला शोभेल इतक्या प्रथिनांचा असला पाहिजे. जीपीसी-बी१ सारख्या जनुकाचा मुद्दा इथेच उपयोगी पडतो, कारण ते जास्त नत्र मागत नाही, पानात अडकलेला नत्र दाण्यात आणते. अर्थात त्याचीही किंमत आहे. पान लवकर पिवळे पडले की दाणा भरायला दिवस कमी मिळतात. विदर्भ-मराठवाड्यासारख्या लवकर तापणाऱ्या भागात हे महागात पडू शकते, किंवा उन्हाचा चटका चुकवल्यामुळे फायद्याचेही ठरू शकते. निफाडच्या गहू संशोधन केंद्रात आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत त्याची परीक्षा व्हायला हवी. आघारकरची तर खपलीवर आणि ड्युरमवर हुकमत आहे. एमरचे हे घराणे त्यांना परके नाही.

या खपलीचा एक प्रवास इथे सांगण्याजोगा आहे. भारतातून गेलेला ‘खपली’ नावाचा एमर गेल्या शतकात खोडावरच्या तांबेऱ्याला तोंड देणारा म्हणून जगभर वापरला गेला. सिडनीला वॉल्टर वॉटरहाउस यांनी त्याचा ‘स्टाइनवेडेल’ या ऑस्ट्रेलियन गव्हाशी संकर करून ‘खपस्टाइन’ तयार केला. आपल्या शिवारातले नाव परदेशी वंशावळींत आदराने उभे आहे, आणि घरी मात्र खपली मधुमेहाच्या पथ्यापुरती किराणा दुकानात उरली.

निकष बदलणे कठीण असते, हे कोणी सांगू नये. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये उष्णतेची लाट आली, दाणे सुरकुतले, आणि मे महिन्यात आपल्याच विभागाने सुरकुतलेल्या दाण्यांची मर्यादा सहावरून अठरा टक्क्यांवर नेली, तीही भावात कपात न करता. तो निर्णय काही आठवड्यांत झाला आणि तो बरोबर होता. शेतकऱ्याचे नुकसान टाळण्यासाठी जी तत्परता दाखवता येते ती शेतकऱ्याचा आणि खाणाऱ्याचा फायदा वाढवण्यासाठी दाखवता येऊ नये, असे काही नाही.

मागणी मर्यादित आहे. येत्या रब्बी हंगामात मध्य प्रदेश आणि पंजाबमधल्या निवडक खरेदी केंद्रांवर प्रथिने मोजणारी निअर इन्फ्रारेड यंत्रे बसवावीत. नमुना ठेवल्यापासून आकडा यायला एक-दोन मिनिटे लागतात, हमालांच्या रांगेला त्याने अडथळा होणार नाही. डब्ल्यूबी ०२, पीबीडब्ल्यू १ झेडएन, पीबीडब्ल्यू १ चपाती अशा नोंदलेल्या वाणांना हमीभावावर जादा रक्कम द्यावी. तो गहू वेगळ्या थप्पीत, वेगळ्या कार्डावर ठेवावा आणि पहिल्या वर्षी तो फक्त अंगणवाडी व शाळांच्या पोषण आहारासाठी सोडावा, म्हणजे वेगळा साठा हाताळण्याचा खर्च नेमका किती हे कळेल. गोदामात वेगळ्या थप्प्या लावणे खर्चाचे आहे, हा खरा अडथळा आहे, आणि त्याचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा एका हंगामाच्या हिशोबाने दिलेले बरे. तो हिशोब कसाही आला तरी प्रसिद्ध करावा.

त्यानंतर कर्नाल, लुधियाना, मेरठ, पुणे इथल्या पैदासकारांना एक पत्र पाठवावे : पुढच्या पाच वर्षांत सरकार कोणत्या गुणासाठी किती जादा भाव देणार. जनुके त्यांच्या शीतगृहांत पाकिटांमध्ये क्रमांक लावून ठेवलेली आहेत. संकर करायला त्यांना दोन हंगाम पुरतात, आणि रानगवताचा नको असलेला तुकडा कापून काढायला आणखी काही. पुढच्या संकराची यादी ते ऑक्टोबरात ठरवतात, तेव्हा पत्र त्याआधी गेलेले बरे.